न खाल्लेल्या भाताची चोरी

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून माझं तोंड खिडकीकडे वळवलं. खाटेभोवती दहा-बारा शिकाऊ डॉक्टर उभे होते. "ह्या बाई काय खात असतील?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं. मागून एक मुलगा म्हणाला, "सगळंच!" सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी आपणच आधी हसून घेतलं की जरा कमी लागतं, हे मी सासरी शिकले होते.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर पाठमोरं, गुडघे टेकून बसायला लावलं. एका लहान रबरी हातोडीनं त्यांनी माझ्या टाचेच्या वरच्या शिरेवर ठोकलं. पाऊल झटकन उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं उशीर लावला, आईच्या हाकेला आळसटलेलं पोर उठतं तसं. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं आणि पोरांना वाकून बघायला सांगितलं.

"मिक्सिडिमा," ते म्हणाले. मग मला खाटेवर बसवलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही फार खात नाही. बरेच दिवस तुम्ही पोटभर जेवलेल्याच नाही. बरोबर?"

मी रडायला लागले. आजार काय, बरा होतो की नाही, हे काहीच मी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं की मी खात नाही. पोरं गोंधळली. डॉक्टर मात्र पुढच्या खाटेकडे निघूनही गेले होते. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्याच एखाद्या बाईसाठी. जिचं अंग सुटत चाललंय, जी दिवसेंदिवस कमी खातेय, आणि जिच्याकडे घरातली माणसं लपवलेली हंडी शोधणाऱ्या नजरेनं बघतात, तिच्यासाठी.

आमचं घर चौलचं. नारळी-सुपारीची वाडी, मधे विहीर, मागे भाजीचा मळा आणि त्याची वेगळी लहान विहीर. माझं माहेर रेवदंड्याचं. मराठी सातवी पास झाले होते, त्याचं सासरी कुणाला कौतुक नव्हतं. पहिली मुलगी सुमन झाली, ती ठणठणीत. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला आणि दिवस उजाडायच्या आत गेला. त्यानंतर माझं दुखणं सुरू झालं, पण दुखणं म्हणावं असं काही दुखतच नव्हतं.

मला थंडी वाजायची. वैशाखात वाडीतली माणसं उघड्या अंगानं झोपायची आणि मी गोधडी शोधायची. केस फणीत गुंताडे गुंताडे यायचे. भुवया कडेनं विरळ झाल्या. आवाज घोगरा झाला. कासारीण एकदा म्हणाली, दाराआडून बोललीस तर वाटलं कुणी बाप्याच बोलतोय. बसल्या जागी डोळा लागायचा. आणि तोंड, हात, पोटऱ्या, सगळं फुगत चाललं होतं. हातातल्या काचेच्या बांगड्या निघेनात. शेवटी उंबऱ्यावर हात ठेवून दगडानं फोडाव्या लागल्या. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पोर गेलं आन् हिला बाळसं आलं."

तो रेशनचा काळ. तांदूळ मिळेल तेवढाच, बाकी जाडी ज्वारी. सगळं गाव काटक्यांसारखं झालेलं, आणि त्यात मी एकटी फुगलेली. आळीतली पोरं मला बघून ओरडायची, "गलबत आलं, गलबत! बाजू व्हा!" पोरांचं काय घेऊन बसायचं. पण मोठी माणसं ओरडत नव्हती, विचार करत होती. सगळे अर्धपोटी असताना ही कुणाच्या वाटचं खाते?

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरात आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई. सून सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून, एकटी. बाकीच्यांनी हात धुतलेले असायचे. सुनेला जेवताना बघणं हे बरं दिसत नाही, असंच सगळे मानायचे. म्हणजे लग्न झाल्यापासून त्या घरात मला जेवताना कुणी पाहिलेलंच नव्हतं. मी किती खाते ह्याला साक्षीदार कुणी नाही, आणि अंग मात्र सगळ्यांसमोर.

आधी सासूबाईंनी तांदळाच्या पिंपाला पहारा बसवला. रोज तांदूळ काढून झाला की वरून सारखा करायचा आणि त्यावर हाताचा पंजा दाबून ठेवायचा. कुणी हात घातला तर पंजा मोडणार. दुसऱ्या दिवशी झाकण उघडायच्या त्या आणि मला शेजारी उभं करायच्या. पंजा जसाच्या तसा असायचा. पाच बोटं, करंगळी जरा वाकडी. तुम्हाला वाटेल, झालं, सुटले मी. छे! सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोजून घालते मी, पंजा बी मोडत न्हाय, तरी फुगते. मग भायेर खात असंल. न्हायतर काय वारा खाऊन फुगते?"

मग वाडीत पडलेला नारळ दिसला नाही की माझ्याकडे बघायचं. शेजारच्या घरी गेले की सासूबाई मागाहून जाऊन विचारायच्या, सून काय खाऊन गेली. वाळत घातलेले बोंबील मांजरानं नेले तरी माझ्या नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरीच झालेली नव्हती. तरी फाशी ठरलेली होती.

मी खाणं कमी केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, शरमेनं. दोन भाकऱ्यांची एक केली. मग अर्धी. कालवणातला मासा सुमीला घालायचे आणि रस्सा मी घ्यायचे. मग रात्रीची नुसती पेज. पहिल्यांदा फरक पडला, खरंच पडला. चोळी सैल झाली. सासूबाई आळीत सांगत सुटल्या, "बगा, नजर ठेवली तशी उतराय लागली." मला वाटलं, उतरू दे, कसं का होईना. पण महिना-दोन महिने गेले आणि उतरणं थांबलं. खाणं तेवढंच, किंबहुना आणखी कमी, आणि अंग पुन्हा भरायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "खायाची वाट सापडली परत."

ह्यांच्याविषयी काय लिहू? आमचे हे वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता येतं. हे ऐकायचे, पान जमवायचे आणि वाडीत निघून जायचे. एकदा मात्र बोलले. "सुमीच्या आय, थोडं काम वाढव. कामानं उतरतं."

ते मला पायरहाटावर बसवायचं ठरवूनच आले होते. वाडीच्या मोठ्या विहिरीवर रेड्याचा रहाट होता. मळ्याच्या लहान विहिरीवर पायाचा. फळीवर बसायचं, वरच्या काठ्या हातांनी ओढायच्या, खालच्या पायांनी ढकलायच्या, की चाक फिरतं आणि गाडगी पाणी घेऊन वर येतात. गड्याचं काम. आता ते रोज सकाळी मला. सासूबाई वाफ्याशी उभ्या राहून बघायच्या आणि मी थांबले की हातातली काठी जमिनीवर आपटायच्या. मारत नव्हत्या, हे सांगायलाच हवं. रेड्यालाही त्या मारत नसत, नुसती काठी आपटायच्या.

मी सकाळी चहावर रहाट ओढायचे. घाम यायचा नाही. बाकीच्यांना धारा लागायच्या आणि माझं अंग कोरडं, सुकटीसारखं. पायात गोळे यायचे. आणि वजन? तसूभर हललं नाही. कमी खाऊन आणि राबून जे उतरायला हवं ते माझ्या अंगाला चिकटून बसलं होतं. गावात आता दोन तट पडले. एक म्हणे ही खाते, दुसरा म्हणे हिच्यावर कुणीतरी करणी केलीय. करणीवाले मला जरा बरे वाटायचे.

एके सकाळी रहाटावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय ढिले पडले. भरलेल्या गाडग्यांच्या वजनानं चाक उलटं सुटलं. काठीचा तडाखा मनगटावर बसला आणि मी फळीवरून वाफ्यात पडले. शुद्धीवर आले तेव्हा पहिला आवाज सासूबाईंचा होता. "काठी मोडलीन् रहाटाची. मोडल न्हायतर काय, केवढं ते वजन." माझं मनगट मोडलं होतं, ते मागाहून कळलं.

त्या मनगटानं मला वाचवलं. सूज वाढली म्हणून हे मला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं हात बांधला आणि नाडी बघता बघता घड्याळाकडे बघत राहिला. फार सावकाश चालली होती ती. त्यानं मला बोलायला लावलं, जीभ बघितली, पोटरीवर बोट दाबलं. मग ह्यांना म्हणाला, "मुंबईला न्या. हाड आपोआप जुळेल, हे जुळणार नाही." रेवसहून लाँचनं आम्ही मुंबईला गेलो. लाँचमध्ये दोघांच्या जागेवर मी बसले होते आणि समोरच्या बाईनं ते बोलूनही दाखवलं.

आता तो मिक्सिडिमा म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला, गिळताना हाड वरखाली होतं त्याच्या खाली, थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून एक रस रक्तात जातो. अंगातली सगळी कामं किती वेगानं चालायची, ते तो रस ठरवतो. माझी ती ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. म्हणून नाडी हळू, आतडी हळू, डोकं हळू, आणि अंगात पाणी आणि चरबी साचत गेलेली. फुगलेल्या तोंडात सूज जास्त होती, मांस कमी. मी खाल्लेलं अन्न ते नव्हतंच.

खात्री करायला माझी एक तपासणी झाली. बेसल मेटाबॉलिक रेट असं तिचं नाव. मेटाबॉलिझम म्हणजे खाल्लेलं अन्न अंगात जाळून जगण्याचा व्यवहार. आपण काहीही न करता नुसतं पडून राहिलो, तरी छाती चालते, काळीज चालतं, अंग ऊन राहतं. त्याला लागणारा खर्च म्हणजे हा बेसल रेट. सकाळी उपाशीपोटी मला आडवं केलं, नाकाला चिमटा लावला आणि तोंडात रबरी नळी दिली. नळी एका यंत्राला जोडलेली होती आणि त्याच्या फिरत्या नळकांड्यावर कागद लावलेला. माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर एक लेखणी त्यावर रेघ ओढत होती. श्वासातून किती ऑक्सिजन वापरला, त्यावरून आत किती जळतंय ते कळतं.

नर्स म्हणाली, "हलू नका. काहीही करू नका." काहीही न करणं हेच काम असलेली ती माझी सासरी आल्यापासूनची पहिली सकाळ. मला झोप लागली आणि तिनं दोनदा उठवलं.

रेघ जेवढी चढायला हवी होती तेवढी चढली नाही. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि कागद समोर ठेवून समजावलं. मी शेजारी बसले होते. त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी ते पुढे कित्येक वर्षं मनातल्या मनात सासूबाईंना ऐकवत होते.

"चुलीत सरपण कमी घातलं तर चूल लगेच विझत नाही," ते म्हणाले. "मंद जळते. शरीर तसंच करतं. माणूस कमी जेवायला लागला की पहिल्यांदा वजन उतरतं. मग शरीर म्हणतं, दुष्काळ आला, आता जपून जाळा. मग तेवढ्याच अन्नात ते भागवायला लागतं आणि वजन अडतं. हे धडधाकट माणसातही होतं. ह्या बाईंची चूल आधीच विझत आलेली, त्यात सरपण काढून घेतलंत. वर कामाला काय लावलंत?"

"पायरहाट," हे म्हणाले.

"व्यायाम वाईट नाही. चांगल्या माणसाला मी स्वतः सांगतो. पण हिच्या अंगात ऊबच नाही. आजारी बैल जुंपून त्याला वर उपाशी ठेवायचं, असला प्रकार झाला हा. आणखी एक हिवाळा गेला असता तर ही झोपेतून उठली नसती."

हे मान खाली घालून ऐकत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेवटी म्हणाले, "म्हंजी ही खात न्हाय?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नवरे ना? तुम्हाला माहीत नाही?" ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

उपचार म्हणजे गोळ्या. मेंढराच्या गळ्यातली तीच ग्रंथी सुकवून केलेल्या. अगदी थोड्यानं सुरुवात, मग हळूहळू वाढ. आणि जोडीला डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पूर्ण आहार. सकाळी दूध आणि अंडं, दुपारी भात-वरण-भाजी-चपाती, संध्याकाळी पुन्हा तेच. ताट समोर आलं. मी अर्धी चपाती उशीखाली लपवली. नर्सला सापडली. तिनं सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं. मी आयुष्यात अन्नाची एकच चोरी केली, ती ही, न खाण्यासाठी.

शेजारच्या खाटेवर मुरुडच्या खतिजाबी होत्या. मधुमेह, पायाला न भरणारी जखम. त्यांना डॉक्टरांनी उलटं सांगितलं होतं. खाणं मोजून, गोड बंद, आणि जखम जरा सुकली की व्हरांड्यात फेऱ्या. त्यांचे मुलगे-सुना भेटायला आले की पदराआडून हलवा यायचा. सुना स्वतःच्या हातानं भरवायच्या. "खावा अम्मी, किती उतरलात." मी इकडून बघत राहायचे. त्यांना लाडानं चोरून खाऊ घालणारं घर होतं, आणि मला न खाता चोर ठरवणारं. एकदा मी त्यांना माझी सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अल्लाची कसम बेटी, भुकेनं फुगलेलं माणूस मी पयल्यांदा बघतेय." आणि त्यानंतर जेवणाच्या वेळी माझ्याकडे तोंड करून बसायच्या. "खा. मी बघते."

हलवा सुटला नाही आणि त्यांची दोन बोटं कापावी लागली. त्यानंतर मात्र त्यांनी सुनांना दारातूनच परत पाठवलं. मोजून जेवल्या, काठी घेऊन फेऱ्या मारल्या, आणि त्यांचं वजन खरंच उतरायला लागलं. साखरही उतरली. म्हणून हे वाचणाऱ्यांना सांगते, माझं उदाहरण घेऊन कुणी आळशीपणानं बसू नका. बऱ्याच जणांचं अंग थोडं कमी खाऊन आणि रोज चालून उतरतं, पण सावकाश, आणि अडत अडत. अडलं की उपाशी राहू नका. आणि थंडी, घोगरा आवाज, गळणारे केस, झोप, असं जोडीला असेल तर आधी डॉक्टर गाठा.

गोळ्यांचा डोस वाढवला तेव्हा छातीत इतकं धडधडायला लागलं की मी खाट धरून बसले. डावा हात दुखला. डॉक्टरांनी डोस उतरवला आणि पुन्हा मुंगीच्या पावलानं चढवला. मग एका सकाळी मला घाम आला. साधा घाम, पाठीवर. मी नर्सला हाक मारून दाखवला. लघवी भरपूर व्हायला लागली, सूज ओसरली, आरशात माझे गाल माझ्या आईच्या गालांसारखे दिसायला लागले. वजनाच्या काट्यावर आकडा दर आठवड्याला खाली. घरी खात होते त्याच्या दुप्पट खाऊन मी उतरत होते.

मला वाटलं होतं, आता घरी जाईन, आणि सगळं आपोआप सिद्ध होईल. अंगानंच माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती ना, आता तेच माझ्या बाजूनं देईल.

रेवदंड्याला एसटीतून उतरले तर दोन बायकांनी ओळखलंच नाही. चौलला आळीत शिरले तशा बायका जमल्या. "अगो, केवढी बारीक झालीस!" सासूबाई ओटीवर उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "बगा. इस्पितळात मोजून खायाला घातलं, वर नर्सबायांचा पहारा, झाली का न्हाय बारीक? मी काय खोटं बोलत व्हते? आता सांगा चोर कोन व्हतं."

बायकांनी माना डोलवल्या. इतकं सरळ होतं ते. मी ह्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांचा शब्द न् शब्द ह्यांनी ऐकला होता. रेघेचा कागद बघितला होता. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ह्यांनी माझ्या हातातलं बोचकं घेतलं, आत जाता जाता म्हणाले, "पानी तापत ठेवा कुनीतरी, दमलोय," आणि गेले. त्या क्षणी मला ह्यांचा जेवढा राग आला तेवढा सासूबाईंचा कधीच आला नाही. आजही आहे.

त्याहून वाईट पुढे होतं. सुमी दारामागे उभी होती. सहा वर्षांची. मी हात पसरले तर आजीच्या लुगड्याला धरून म्हणाली, "आता न्हाय ना खानार आय चोरून?"

माझं दुखणं खरंच गेलं असेल तर ते ह्या पोरीच्या डोक्यातून गेलं पाहिजे, एवढंच मला कळलं. बाकीच्यांनी मला चोर म्हणावं, जळो त्यांचं तोंड. पण ती उद्या कुणाची सून होणार होती.

दुसऱ्या दिवशी पुरुषांची पानं मांडताना मी माझं ताटही वाढून घेतलं. पंक्तीत नाही बसले. तेवढी हिंमत नव्हती. ताट घेऊन ओटीवर गेले, भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून बसले. भात, आमटी, तळलेला बांगडा. सासूबाई बाहेर आल्या. "लाज हाय का न्हाय? बापय मानसं जेवायची हायत अजून."

"डाक्टरांनी सांगितलंय पोटभर जेवायचं," मी म्हटलं. "बगा आत्याबाय. बसा इथं आन् बगा. सगळ्या आळीला बोलवा. किती खाते ते एकदा सगळ्यांनी बगून घ्या."

त्या बसल्या नाहीत. थुंकल्यासारखं करून आत गेल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती. पण मी गिळत राहिले. तेवढ्यात सुमी आली आणि समोर उकिडवी बसली. माझा हात ताटातून तोंडाकडे जाताना ती डोळ्यांनी त्याच्याबरोबर जात होती. तिनं आईला जेवताना कधी बघितलं नसेल असं मला वाटलं.

"मी बगितलंय तुला जेवताना," ती हळूच म्हणाली, "आजीनं सांगितलं व्हतं, दाराच्या फटीतनं बग म्हनून."

माझा हात थांबला. "मग?"

"तू पेज पीत व्हतीस. भाकर मांजराला घातलीस. मी तसंच सांगितलं आजीला, आय काय पन खात न्हाय."

"मग काय म्हणाली आजी?"

"मारलं मला. म्हनली, आयनं शिकवलंय." सुमीनं आत बघितलं आणि आवाज आणखी उतरवला. "परत बगायला पाठवलं. मग मी सांगितलं, खाते. तवा खोबरं दिलन्."

म्हणजे साक्षीदार होता. सगळ्या जगात एकच, फटीला डोळा लावून बसलेला, आणि तो खरं बोलला होता. मग खरं बोलल्याबद्दल मार आणि खोट्याबद्दल खोबरं, असं मिळालं आणि शेवटी त्या पोरीनं डोळ्यांनी बघितलेलंच खोटं मानलं. मी तिला जवळ ओढलं नाही. मला रडू आलं असतं आणि आतून सगळे धावले असते. मी बांगड्याचा मधला तुकडा सोडवून तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "तू पयल्यांदा सांगितलंस ना, ते खरं व्हतं. तुझे डोळे बरोबर हायत."

त्यानंतर मी रोज ओटीवरच जेवले. आळीत आधी चर्चा झाली, मग सवय झाली. आळीतल्या बायका माझ्याकडे बारीक व्हायच्या गोळ्या मागायला यायच्या. मी दिल्या नाहीत. ज्याची ग्रंथी धड आहे त्यानं त्या घेतल्या तर काळीज पळत सुटतं, हे समजावून सांगितलं तरी त्या म्हणायच्या, किती आपमतलबी आहे. असो. मी अजून रोज गोळी घेते, जन्मभर घ्यायची आहे. त्या डॉक्टरांनी मला बारा जणांपुढे जनावरासारखं तपासलं आणि माझं नाव विचारलं नाही, तरी सकाळी गोळी जिभेवर ठेवताना मी त्यांचंच नाव घेते. त्यांनी मला नुसत्या नजरेनं बघितलं नाही, तपासून बघितलं.

सासूबाईंनी मला शेवटपर्यंत चोरच मानलं. आजारी पडल्या तेव्हा मी त्यांना भरवत होते, आणि प्रत्येक घासाला त्या वाटीत वाकून बघायच्या, मधे मी खाल्लं की काय. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला. दुसऱ्या दिवशी मी तांदळाचं पिंप उघडलं. आजारपणातही पिंप खाटेशी ओढून घेऊन त्या झाकण काढायला लावायच्या आणि स्वतः हात दाबायच्या. वर पंजा होता. पाच बोटं, करंगळी जरा वाकडी.

मी मापटं बरोबर पंजाच्या मधोमध खुपसलं आणि सगळ्या घराला पुरेल एवढा तांदूळ काढला. भात शिजल्यावर सुमीला हाक मारली आणि म्हटलं, "सगळ्यांची पानं एकदम घे. आपल्या दोघींची समोरासमोर."